लहान मुलं घेऊन परदेशी जाताय? आधी घरातल्या बाकीच्यांचं बघा

‘कुठला देश बरा?’ हा प्रश्न पुण्यात हल्ली लग्नाच्या पंगतीतही निघतो. उत्तरंही ठरलेली: अमेरिकेत पैसा, कॅनडात पीआर म्हणजे कायमचं वास्तव्य, ऑस्ट्रेलियात हवा, जर्मनीत फुकट शिक्षण. पण ही सगळी उत्तरं नोकरी मिळालेल्या माणसाच्या बाजूनं दिलेली असतात. त्याचं कुठेही बरं चालतं. सकाळी ऑफिस, तिथे माणसं, महिनाअखेर पगार. घर तिथे रुजतं की दोन वर्षांत गाशा गुंडाळतं, हे ठरतं बाकीच्यांवर. जोडीदाराला काम करता येतं का, मूल कुठल्या वयात कुठल्या शाळेत पडतं, आजी-आजोबांना किती दिवस येऊन राहता येतं, हे प्रश्न पॅकेजच्या आधी विचारायचे आहेत.

मी आमच्या घरातली ती ‘बाकीची’. बीडीएस झालेली दंतवैद्य, कोथरूडला दुसऱ्यांच्या क्लिनिकमध्ये सात-आठ वर्षं काम केलेली. नवरा गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये, आधी चाकण, मग हिंजवडी. २०२२ मध्ये मुलगी तीन वर्षांची असताना आम्ही जर्मनीत श्टुटगार्टला आलो; धाकटा इथेच झाला. त्याआधी बरेच महिने रात्री जेवणं आटोपली की लॅपटॉप उघडून पाच देश चाळले. खाली जे लिहितेय त्यातले आकडे शक्य तितके अलीकडचे, २०२५ चे दिले आहेत. नियम बदलत असतात, त्यामुळे अर्ज करताना त्या-त्या सरकारच्या साइटवर पुन्हा बघाच.

अमेरिका आमच्या यादीतून सगळ्यात आधी गेली. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीनकार्डांपैकी एका देशात जन्मलेल्यांच्या वाट्याला वर्षाला साधारण सात टक्केच येतात. भारतीयांची रांग त्यामुळे इतकी तुंबली आहे की ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या गटात २०२५ मध्ये २०१३ सालच्या अर्जांचा नंबर चालू होता. तीन वर्षांची पोर घेऊन त्या रांगेत उभं राहायचं, तर ती एकविसाची झाली की तिचं नाव आमच्या अर्जातून गळू शकतं, हे धरूनच चालायला हवं. एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावरच्या बायकोला कामाची परवानगी मिळते ती बहुधा नवऱ्याच्या ग्रीनकार्डासाठी कंपनीनं केलेला आय-१४० हा अर्ज मंजूर झाल्यावर. दंतवैद्याला तर तिथे पुन्हा दोन-तीन वर्षं कॉलेजात बसावं लागतं, तिथली फी भरून. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर बाहेरून बोलवायच्या नव्या कर्मचाऱ्यामागे कंपनीनं एक लाख डॉलर भरायचा आदेश निघाला. ज्यांचं लग्न-मूलबाळ अजून व्हायचंय त्यांचं गणित वेगळं असेल; आमचं जमत नव्हतं.

ब्रिटनला भाषेचा प्रश्न नाही, पण व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार बघा. मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. चौघांच्या पाच वर्षांच्या व्हिसाला हाच खर्च १८,११० पौंड होतो आणि तो अर्ज करतानाच भरायचा असतो. व्हिसाची फी वेगळी. कंपनी सगळ्यांचा भरणार आहे की फक्त कर्मचाऱ्याचा, हे ऑफर लेटर सही करण्याआधी लेखी विचारा. त्यातून कायमच्या वास्तव्याची पाच वर्षांची अट दहावर नेण्याचा तिथल्या सरकारचा विचार २०२५ मध्ये जाहीर झाला.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात मात्र आम्ही बराच काळ अडकलो होतो, कारण दोन्हीकडे नोकरीशिवाय थेट पीआर घेऊन उतरता येतं. तिथे मेख वयाची. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवर चालणाऱ्या पीआरच्या योजनेत, जोडीदारासह अर्ज केला तर वयाचे जास्तीत जास्त १०० गुण, तेही २९ पर्यंतच. तिशीपासून दर वाढदिवसाला पाच कमी. पस्तिशीला ७०, चाळिशीला ४५. मूल होऊन, ते जरा हिंडतं-फिरतं होऊन आपण अर्जाला बसतो तोवर बत्तीस-तेहतीस उजाडलेलं असतं. तेव्हा मुख्य अर्जदार नवराच असायला हवा असं धरून चालू नका. दोघांचे गुण दोन्ही बाजूंनी मांडून बघा. बायको वयानं लहान, आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत सरस आणि पदव्युत्तर असेल तर तिच्या नावानं अर्ज पुढे सरकतो. आयईएल्ट्सला ऐकण्यात ८ आणि बाकी तिन्हींत ७ हा उंबरठा ओलांडला की गुण एकदम उडी मारतात, त्यामुळे अर्ध्या बँडसाठी पुन्हा परीक्षा देणं हा वायफळ खर्च नाही. नोकरीच्या ऑफरचे जादा गुण मार्च २०२५ मध्ये बंद झाले. आता फ्रेंच येणारे, आरोग्यसेवेतले, कारागिरीतले अशा गटांच्या वेगळ्या फेऱ्या निघतात. घरात कुणी नर्स असेल तर आधी तिचे कागद काढा, इंजिनिअरचे नंतर.

ऑस्ट्रेलियात वय थोडं सैल आहे: २५ ते ३२ ला ३० गुण, ३९ पर्यंत २५, आणि पंचेचाळिशीच्या आत अर्ज. ६५ गुणांना रांगेत उभं राहता येतं, आमंत्रण मात्र बहुतेक व्यवसायांत त्याहून बऱ्याच वर येतं. एक गोष्ट फार कमी लोक आधी वाचतात. ऑस्ट्रेलियाची वैद्यकीय अट सगळ्या कुटुंबाला एकत्र लागते. घरातल्या एका मुलाच्या आजारपणावर किंवा अपंगत्वावर सरकारचा खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे जाईल असं डॉक्टरांच्या अहवालात आलं, तर सगळ्यांचाच व्हिसा अडू शकतो. विशेष गरजा असलेलं मूल असेल तर पैसे भरायच्या आधी नोंदणीकृत मायग्रेशन एजंटशी बोला. आणि तात्पुरत्या व्हिसावर जात असाल तर राज्य बघा; न्यू साउथ वेल्समध्ये अशा अनेक कुटुंबांना सरकारी शाळेचीही फी पडते.

मग इंग्रजी बोलणारे देश सोडून जर्मनी का? एक म्हणजे, पुण्याला जर्मन परकी नाही. मॅक्सम्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेलं कुणी ना कुणी प्रत्येक सोसायटीत असतं. गाड्यांच्या धंद्यामुळे पुणे ते श्टुटगार्ट ही ये-जाही जुनीच. पण खरं कारण जोडीदाराचं होतं. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित कर्मचाऱ्याचा राहण्या-कामाचा परवाना, असलेल्याच्या जोडीदाराला आधी जर्मन परीक्षा द्यावी लागत नाही आणि उतरल्या दिवसापासून कुठलंही काम करायची मुभा असते. ब्लू कार्डधारकाला जर्मन बी-१ म्हणजे मधल्या पातळीचं येत असेल तर २१ महिन्यांत कायमचा परवाना, ए-१ या अगदी पहिल्या पातळीवर २७ महिन्यांत. नागरिकत्व पाच वर्षांनी. सरकारी आरोग्य विमा घेतला तर न कमावणारी बायको आणि मुलं त्याच हप्त्यात येतात. एजंट तुम्हाला खासगी विमा स्वस्त म्हणून दाखवतील. एकट्या तरुणाला तो स्वस्त पडतो, पण त्यात प्रत्येक मुलाचा हप्ता वेगळा आणि सरकारी विम्यात परतायची वाट अरुंद. मुलंबाळं असलेल्यांनी त्या वाटेला जाऊच नये असं माझं मत.

‘कुठलंही काम करायची मुभा’ आणि ‘आपलं काम करता येणं’ यांत मात्र बरंच अंतर आहे. डॉक्टर, दंतवैद्य, फिजिओ, नर्स, शिक्षिका हे पेशे सगळीकडे बंदिस्त असतात. मी पाचही देशांची दंतवैद्यांची परीक्षापद्धत शेजारी शेजारी ठेवून पाहिली. कॅनडात नॅशनल डेंटल एक्झामिनिंग बोर्डाच्या एकामागून एक परीक्षा, ऑस्ट्रेलियात लेखी आणि मग प्रात्यक्षिक, ब्रिटनमध्ये ओआरई ही परदेशी दंतवैद्यांची परीक्षा, जिच्या जागा मिळायचीच मारामार. जर्मनीत परीक्षेइतकीच भाषेची भिंत. बी-२ पर्यंतचं जर्मन, मग दंतवैद्यकीय भाषेची सी-१ पातळीची तोंडी-लेखी परीक्षा, मग पदवी समकक्ष आहे का याची छाननी, नसेल तर ज्ञानपरीक्षा. भाषेची परीक्षा साठ मिनिटांची, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. पहिल्यात समोर खोटा पेशंट बसतो. माझ्या वाट्याला अक्कलदाढ सुजलेली एक बाई आली होती, आणि ती परीक्षक असूनही अशी काही कळवळून बोलत होती की मी वाक्याचं क्रियापद शेवटी न्यायचं विसरून तिला थेट ‘दुखतंय ना?’च्या सुरात धीर देऊ लागले. दुसऱ्यात त्या पेशंटबद्दल पत्र लिहायचं, तिसऱ्यात वरिष्ठ डॉक्टरला केस सांगायची. त्यानंतर देखरेखीखाली काम करण्याचा तात्पुरता परवाना मिळतो. तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा. म्हणजे पुण्यात उत्तम चाललेली प्रॅक्टिस सोडून येणाऱ्या बाईनं स्वतःच्या पगाराविना दोन-तीन वर्षं धरूनच हिशेब मांडायचा. हे नवऱ्याशी निघण्याआधी बोला, विमानतळावरून घरी जाताना नको.

मुलांचं वय इथे फार मोजलं जातं. १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्षावरच्या मुलाला पाळणाघरात, म्हणजे कीटात जागा मिळणं हा कायदेशीर हक्क आहे. प्रत्यक्षात जागा नसतात. पत्त्याची नोंदणी झाली त्याच आठवड्यात अर्ज टाका. बर्लिनमध्ये कीटाला फी नाही, जेवणाचे थोडे पैसे. श्टुटगार्टमध्ये फी आहे. जागा मिळाली म्हणून लगेच नोकरीला लागता येईल असं समजू नका. सुरुवातीचे काही आठवडे आईनं किंवा बापानं मुलासोबत जायचं, कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर बसायचं, आणि बाई सांगतील तेव्हा पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मग अर्धा तास असं बाहेर जायचं. मूल रडून शांत झाल्याशिवाय पुढची पायरी नाही. पाऊस असो की बर्फ, मुलं चिखलाची पँट आणि गमबूट चढवून बाहेर जातात. माझ्या सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर हे पाहिलं आणि त्या दिवशी नवऱ्याला वेगळा फोन आला.

मुलगी तीन-साडेतीनची होती म्हणून भाषा खेळता खेळता आली. पण आमच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात: एक विद्यापीठाकडे नेणारी, बाकीच्या कामधंद्याच्या शिक्षणाकडे. नववीतला मुलगा घेऊन येणाऱ्या कुटुंबाला मी स्पष्ट सांगते, इंग्रजी देश बघा, किंवा इंटरनॅशनल स्कूलची फी कंपनीकडून लिहून घ्या. दहा-अकराच्या मुलाचंही कठीणच. पाचाच्या आत असेल तर बिनघोर या.

आता आई-बाबा. आपल्याकडे बाळंतपण म्हटलं की आईनं येणं, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या, पाहुण्यांच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्यामुळे तारखा आधी-नंतर विभागून ठरवाव्या लागतात. आम्ही आईला बाळ झाल्यानंतर बोलावलं. तोवर सुईण होती; इथे ती विम्यातून घरी येते, सुरुवातीचे दिवस तर रोजच, बाळाचं वजन करते, आईचे टाके बघते. पण चांगली सुईण हवी तर दिवस राहिल्याचं कळताच फोन लावायला लागा. नवऱ्यानं दोन महिने पालकत्वाची सुट्टी घेतली, आणि त्याच्या साहेबानं भुवई उंचावली नाही. प्रत्येक मुलामागे सरकारकडून दरमहा पैसे येतात, २०२५ मध्ये ते २५५ युरो होते; तेही ब्लू कार्डवाल्यांना लागू.

आई-वडिलांना कायमचं आणायचा मार्ग १ मार्च २०२४ नंतर पहिला परवाना मिळालेल्या कुशल कर्मचाऱ्यांसाठी उघडला आहे. आम्ही आधी आलो, आम्हाला तो नाही. आता येणाऱ्यांना आहे, पण वृद्धांचा आरोग्य विमा परवडेल असा शोधणं हेच त्यातलं मोठं काम. याच बाबतीत कॅनडा उजवा: सुपर व्हिसावर आई-वडील एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहू शकतात. ऑस्ट्रेलियात पालकांच्या साध्या व्हिसाची रांग तीस वर्षांच्या आसपास, आणि पैसे भरून मिळणारा व्हिसा पालकामागे चाळीस हजार डॉलरांच्या वर. एकुलत्या एका मुलानं किंवा मुलीनं ही तुलना सगळ्यात आधी करावी.

जर्मनीच्या उण्या बाजू लपवत नाही. भाड्याच्या घरात बऱ्याचदा स्वयंपाकघरच नसतं. ओटा, सिंक, शेगडी आपण विकत घ्यायची, आणि डिपॉझिट तीन भाड्यांपर्यंत. गाड्यांच्या धंद्याला सध्या ओहोटी आहे; सप्टेंबर २०२५ मध्ये बॉशनं आणखी १३,००० जागा कमी करायचं जाहीर केलं. त्यामुळे नवऱ्याची नोकरी याच क्षेत्रातली असेल तर कायमचा परवाना हातात पडेपर्यंत घर विकत घ्यायचा विचारही करू नका. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. पासपोर्ट बदलला की ओसीआय, म्हणजे मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड येतं, आणि त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही; वारसानं येऊ शकते. गावाकडे सातबाऱ्यावर नाव लावायचं राहिलं असेल तर तो विषय आधी भावंडांत मिटवा.

देश कुठलाही ठरो, कागद आत्तापासून काढायला घ्या. आपल्या पिढीतल्या कित्येकांच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकाना रिकामा असतो, कारण बारशाआधीच नोंद झालेली. ते नाव महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत चढवून घ्यावं लागतं. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये, पदवीवर माहेरचं आडनाव. ही सगळी एकच बाई आहे हे परदेशी कारकुनाला पटवायला प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली नोंद लागते. भारतीय अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, जर्मनी मानत नाही. शंका आली तर कागद भारतात पडताळणीला जातात आणि महिने मोडतात. आमच्या धाकट्याच्या जन्माची नोंद त्यातच रखडली होती. विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्टं दोघांचीही काढा, नोकरी एकालाच मिळालेली असली तरी, आणि दोन-दोन जादा संच सीलबंद पाकिटात घ्या. तिकडून अधिकारपत्र पाठवून सासऱ्यांना गणेशखिंड रोडवरच्या खिडक्यांपुढे उभं करण्यापेक्षा ते फार सोपं जातं.