गिटचं टोकन मशीनवर ठेवायचं कुठे?

टीममध्ये नवीन कोणी आलं की लॅपटॉप लावून द्यायचं काम माझ्याकडे असतं, आणि गिटबद्दल (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) पहिला प्रश्न ठरलेला: "दर पुशला पासवर्ड विचारतंय, काय करू?" गिटहबवर (कोड ठेवायची साइट) तर १३ ऑगस्ट २०२१ पासून पुश-पुलला, म्हणजे कोड सर्व्हरवर पाठवायला-आणायला, खात्याचा पासवर्ड चालतच नाही, त्या जागी टोकन (साइटने बनवून दिलेली लांबलचक गुप्त अक्षरमाला) द्यावं लागतं. ते पाठ होणं शक्य नाही, म्हणजे कुठेतरी साठवणं आलंच.

झटपट उपाय म्हणून कोणीतरी 'स्टोअर' हा क्रेडेन्शियल हेल्पर (लॉगिनची माहिती साठवून गिटला देणारा छोटा प्रोग्राम) लावायला सांगतं. चालतो. पण एकदा होम फोल्डरमधली '.गिट-क्रेडेन्शियल्स' फाइल उघडून बघा. युजरनेम, कोलन, टोकन, पुढे सर्व्हरचा पत्ता. सगळं एका ओळीत, उघडं. मशीनवरच्या दुसऱ्या युजरला ती वाचता येत नाही हे खरं, पण तुमच्या लॉगिनखाली चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला येते. होम फोल्डरचा बॅकअप घेतलात तर तीही सोबत जाते.

म्हणून मी सिस्टिमचीच तिजोरी वापरायला लावतो. गिट कॉन्फिगमध्ये (सेटिंग्जमध्ये), ग्लोबल पातळीवर, म्हणजे तुमच्या लॉगिनपुरतं, 'क्रेडेन्शियल.हेल्पर'ला मॅकवर 'ओएसएक्सकीचेन' द्या, विंडोजवर 'मॅनेजर'. मॅनेजर ब्राउझर उघडतो, तिथे लॉगिन केलं की झालं. लिनक्सवर 'लिबसीक्रेट', पण काही डिस्ट्रोंवर (लिनक्सच्या प्रकारांवर) तो स्वतः बिल्ड करावा लागतो (कंटाळवाणं आहे, तरी करा). नुसत्या टर्मिनलवरच्या लिनक्स सर्व्हरला 'कॅश' पुरतो: टोकन फक्त मेमरीत राहतं, तेही ९०० सेकंद. टाइमआउट ३६०० दिला की तासभर.

इथे एक गोम आहे. सिस्टिम पातळीवर (मशीनवरच्या सगळ्यांसाठी) एक हेल्पर आणि ग्लोबलला दुसरा असेल, तर लॉगिन यशस्वी झाल्यावर गिट दोघांनाही टोकन साठवायला सांगतं. म्हणजे कीचेन लावूनही जुना 'स्टोअर' कुठे राहिला असेल, तर टोकन पुन्हा त्या फाइलीत. 'शो-ओरिजिन' आणि 'गेट-ऑल' हे पर्याय देऊन 'क्रेडेन्शियल.हेल्पर' विचारा, कुठल्या फाइलीत काय लिहिलंय ते कळतं.

रिमोटच्या (सर्व्हरवरच्या प्रतीच्या) यूआरएलमध्ये टोकन चिकटवणं तर नकोच. ते प्रोजेक्टच्या कॉन्फिगमध्ये तसंच पडून राहतं, आणि स्क्रीन शेअर करताना 'गिट रिमोट -व्ही' मारलं की सगळ्यांसमोर. तिथे युजरनेम मात्र खुशाल घाला. एकाच सर्व्हरवर दोन खाती असली की त्यावरूनच गिट योग्य टोकन निवडतं.

जुनी फाइल सापडली तर नुसती डिलीट करून थांबू नका. आधी साइटवर जाऊन ते टोकन रद्द करा, मग नवं काढा, मुदत घालून.