पुळणीवर एकट्याने उतरण्याआधी

गोव्याच्या पेडणे तालुक्यात मोरजी आणि हरमल यांच्या मध्ये आश्वे आणि मांद्रे या दोन लांब पुळणी आहेत. लाटा वाळूच्या उंचवट्यांवर फुटतात, उतार सौम्य आहे आणि शॅकची गर्दी सोडून दहा मिनिटं चाललं की आसपास कोणी उरत नाही. मी कोल्हापूरहून दर हिवाळ्यात तिथे जाते. ज्यांनी सर्फिंगचे चार-पाच धडे घेतले आहेत आणि आता भाड्याचा बोर्ड घेऊन आपलं आपण पाण्यात जायचं आहे, त्यांच्यासाठी ही तयारी लिहिते आहे. शिकवणारा असतो तेव्हा वेळ तो ठरवतो, जागा तो दाखवतो, कोणती लाट घ्यायची ते तो सांगतो आणि आपण पाण्यात असेपर्यंत त्याची नजर आपल्यावर असते. शांत जागी जायचं ठरवलं की ही चारही कामं आपल्यावर येतात. सगळी तयारी या चार कामांचीच आहे.

सुरुवात घरूनच करायची, निदान महिनाभर आधी. तरणतलावात न थांबता दोनशे मीटर पोहता आलं पाहिजे आणि काठाला हात न लावता दहा मिनिटं पाण्यात तरंगत राहता आलं पाहिजे. हे जमत नसेल तर खोल पाण्याकडे वळू नका, कमरेएवढ्या पाण्यातल्या पांढऱ्या फेसावरच सराव करा. बोर्ड म्हणजे तरंगणारी वस्तू, तो आहे तर पोहायचं कशाला, असं अनेकांना वाटतं. लीश, म्हणजे बोर्ड घोट्याला बांधून ठेवणारी दोरी, तुटते त्या दिवशी हा समज महागात पडतो. घरी चटई अंथरून रोज वीस वेळा पॉप-अप करा: पालथं पडायचं, तळवे बरगड्यांपाशी टेकायचे, छाती उचलायची आणि एका झटक्यात दोन्ही पाय अंगाखाली आणायचे. गुडघा टेकवण्याची सवय चटईवरच मोडा, पाण्यात ती मोडत नाही. सर्फिंगचा बहुतेक वेळ पालथं पडून हातांनी पाणी ओढण्यात जातो. म्हणून खांदे आणि पाठीचा वरचा भाग तयार हवा. त्यासाठी पोहण्याइतका चांगला व्यायाम दुसरा नाही.

मग दिवस निवडायचा. जून ते सप्टेंबर हा विषयच सोडून द्या, तेव्हाचा समुद्र शिकणाऱ्यासाठी नाही. ऑक्टोबरपासून पाणी निवळायला लागतं. पावसाळ्यात लाटांनी पुळणीवरची वाळू ओढून आत नेलेली असते आणि पुढच्या महिन्यांत ती हळूहळू परत येते. त्यामुळे मागच्या वर्षी लाट जिथे छान फुटत होती, तिथे यंदा तो उंचवटा असेलच असं नाही. दरवर्षी पुळण नव्याने ओळखून घ्यावी लागते.

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राच्या स्थितीचा अंदाज रोज देते. त्यात लाटेची उंची सगळे बघतात, दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं आहे हे फार थोडे बघतात. उंची तीच असली तरी पाच-सहा सेकंदांची लाट जवळपासच्या वाऱ्याने उठवलेली असते, विस्कळीत आणि दमवणारी. बारा-चौदा सेकंदांची लाट फार दुरून, बऱ्याचदा दक्षिणेच्या महासागरातून आलेली असते. ती दिसते छोटी, पण ओळीने येते आणि तिच्यात ताकद जास्त असते. एकट्याने पहिल्यांदा जाताना अर्ध्या मीटरच्या आसपासची लाट पुरे. साधा हिशेब असा की लाट तिच्या स्वतःच्या उंचीच्या सव्वापट खोल पाण्यात फुटते. म्हणजे मीटरभर लाट कमरेच्या वर, जवळजवळ छातीएवढ्या पाण्यात फुटणार. अंदाज वाचला की आपण कुठे उभे असू ते यावरून कळतं.

वाऱ्याचं गणित शाळेच्या भूगोलात होतं तेच: खारे वारे आणि मतलई वारे. पहाटे जमीन गार असते, तेव्हा वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, लाटेचा चेहरा पुसल्यासारखा गुळगुळीत होतो आणि ती जराशी उशिरा, नीट उभी राहून फुटते. दुपार जवळ आली की खारा वारा सुटतो आणि पाणी खडबडीत होतं. म्हणून सात ते साडेनऊ ही वेळ धरायची. त्याच मतलई वाऱ्याला एक धोका आहे. जोर असेल तर हलका फोमचा बोर्ड तो आत ढकलतो. किनाऱ्यावर सुरूच्या फांद्या समुद्राकडे वाकलेल्या दिसल्या तर त्या दिवशी छातीएवढ्या पाण्यापलीकडे जायचं नाही.

भरतीसाठी आपल्याकडे जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. षष्ठी असेल तर सहाचे पाऊणपट साडेचार, म्हणजे भरती साडेचारच्या सुमारास. दशमीला साडेसात. पौर्णिमेला सव्वाअकरा. सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघायचीच. पण कॅलेंडरवर बोट ठेवून महिनाभराचं नियोजन करायला यापेक्षा सोपं काही नाही. दशमीच्या आसपास सकाळी पूर्ण भरती असते. तेव्हा लाट थेट काठाच्या उतारावर आपटते आणि तिच्याबरोबर माणूसही आपटतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाण्याची ये-जा जोरात. अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस भांगाचे, पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. मी पहिल्या एकट्या फेरीसाठी अष्टमीच्या जवळचा दिवस सुचवेन, पाणी अर्धं उतरलेलं असताना.

आता वस्तू. बोर्ड फोमचाच घ्या, आठ किंवा नऊ फुटी. तुमचं वजन सत्तर किलोच्या वर असेल तर नऊच. छोटा बोर्ड दिसतो छान, पण लाट पकडून देत नाही. बोर्ड हातात आला की आधी पालथा करा आणि तिन्ही फिन, म्हणजे तळाचे पंख, हलवून बघा. एकही डुगडुगली तर स्क्रू आवळून घ्या. मग लीश. ती साधारण बोर्डच्या लांबीची हवी. सगळी दोरी बोटांच्या चिमटीतून सरकवत न्या, कुठे चीर असेल तर नखाला लागते. पायाचा पट्टा लावून जोरात ओढून बघा. आणि शेवटी लीश बोर्डला जोडणारी, शेपटीजवळची ती छोटी सुतळीसारखी गाठ, जिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

माझंही गेलं नव्हतं, म्हणजे गेलं होतं आणि मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या वर्षी भाड्याने घेतलेल्या बोर्डची ती गाठ उन्हाने पांढरी पडलेली होती, तिचे तंतू सुटून केसांसारखे उभे होते. मी त्यावरून अंगठा फिरवला आणि चालेल म्हणाले. अर्ध्या तासाने एका जरा मोठ्या लाटेत घोट्याला हिसका बसला आणि पाय एकदम हलका झाला. वर येऊन पाहिलं तर बोर्ड फेसावर आडवा होऊन किनाऱ्याकडे निघालेला. काठाला एक बाई लहान मुलाला घेऊन पाण्यात बसल्या होत्या. बोर्ड त्यांच्यापासून हातभर अंतरावरून वाळूत घुसला. पोहत बाहेर यायला मला फार तर पाच मिनिटं लागली. ती पाच मिनिटं मी विसरलेले नाही. त्यानंतर माझ्या पिशवीत जाड नायलॉनच्या दोरीचा वीतभर तुकडा असतो. गाठ जुनी दिसली की तिथेच बदलते.

अंगात पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा सदरा, घाला. पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या आसपास असतं, थंडीची भीती नाही. पण ऊन आहे, आणि पाय घसरू नये म्हणून बोर्डवर चोळतात त्या वॅक्सने आणि वाळूने छाती-पोट सोलवटतं तेही आहे. सुती टी-शर्ट भिजून जड होतो, तो नको. नाक, कान आणि कानामागे झिंकचा जाड लेप लावा. वॅक्स उष्ण पाण्याचं घ्या आणि गाडीत सोडू नका, कोकणातल्या उन्हात ते सीटवर वितळतं. पिशवीत पिण्याचं पाणी, ओआरएसची दोन पाकिटं, शिट्टी, टॉवेल, चिमटा. आणि एक थर्मास, कडकडीत गरम पाण्याने भरलेला. हा चहासाठी नाही. वाळूत लपलेल्या पाकट माशाचा काटा पायात गेला तर वेदना भयंकर असतात आणि त्याचं विष उष्णतेने निकामी होतं. साधं पाणी घालून सोसवेल इतकं गरम करायचं आणि पाय त्यात बुडवून ठेवून दवाखाना गाठायचा. त्याहून बरं म्हणजे काटा लागूच न देणं: उथळ पाण्यात पावलं उचलू नका, तळवे वाळूवर घासत चाला. चाहूल लागली की पाकट स्वतःच सरकतं. जेलीफिश लागला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, तंतू चिमट्याने काढा. गोडं पाणी ओतू नका आणि वाळू चोळू नका.

सकाळी भरपेट नको. निघायच्या तासभर आधी वाटीभर पोहे नाहीतर दोन केळी. कोणाला तरी सांगून निघा: कुठे उतरणार, किती वाजता बाहेर येणार, आणि त्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे नंबर त्या माणसाकडे हवेत, पाण्यातल्या माणसाला त्यांचा उपयोग नाही. जीवरक्षक ड्युटीवर आल्यानंतरच उतरा आणि उतरण्याआधी जाऊन त्यांना भेटा. लाल-पिवळ्या झेंड्यांमधली जागा पोहणाऱ्यांची असते, बोर्ड तिथे न्यायचा नाही. लाल झेंडा असेल तर नाश्ता करून परत जायचं.

मांद्र्याला खाडी ओलांडून पुळणीवर जाताना बांबूचा साकव लागतो. तिथे बोर्डचं नाक वाऱ्याच्या दिशेला ठेवा, आडवा धरला तर वारा माणसासकट फिरवतो.

पुळणीवर पोचलात की बोर्ड खाली ठेवा, पालथा, वरच्या बाजूच्या वॅक्सला ऊन लागणार नाही असा. आणि अर्धा तास पाण्याकडे बघा. सगळ्या यादीतलं एकच कलम ठेवायचं असेल तर मी हे ठेवेन. बसून बघू नका, उभं राहून बघा, शक्य असेल तर वाळूच्या उंच कडेवरून. लाटा सारख्या येत नाहीत. चार-पाच मोठ्या येतात, मग बराच वेळ बारीक. घड्याळ लावून मोजा. दहा मिनिटं बघून उतरलेल्या माणसाला कधी कधी मोठ्या लाटा दिसलेल्याच नसतात.

मग लाटा कुठे फुटत नाहीत ते शोधा. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, शांत पट्टा दिसेल. नवख्याला तीच वाट सोपी वाटते. किनाऱ्यावर चढलेलं पाणी त्याच वाटेने परत जात असतं, आणि ओढ जोरात असते तेव्हा पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तिच्या उलट येता येत नाही. मला ती पहिल्यांदा रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराने दाखवली. त्याने वाळलेली करवंटी पाण्यात फेकली. माझ्या डोळ्यांदेखत ती लाटांच्या उलट, आत आत गेली आणि दिसेनाशी झाली. आजही मी किनाऱ्यावरचं वाळकं पान किंवा करवंटी टाकून बघते. खाडीच्या मुखाजवळ ही ओढ असतेच, विशेषतः पाणी उतरताना. तिथून चांगलं दोन-तीनशे पावलं लांब राहा. सापडलातच तर बोर्ड सोडू नका. त्यावर पालथे पडून किनाऱ्याला समांतर, जिकडे फेस दिसतो तिकडे हात मारा आणि फेसाबरोबर बाहेर या. दमलात तर बोर्डवर पडून राहा, एक हात उंच धरून हलवा, शिट्टी वाजवा.

किनाऱ्यावर दोन खुणा धरा, एक पुढे आणि एक तिच्या बरोबर मागे: समजा, शॅकचा निळा कोपरा आणि मागचा उंच माड. पाण्यातून दोन्ही एका रेषेत दिसल्या तर तुम्ही जागेवर आहात. माड कोपऱ्याच्या एका बाजूला सरकला म्हणजे पाण्याने तुम्हाला कडेने वाहून नेलं. हे न कळता घडतं, म्हणून दर तीन-चार लाटांनी मागे वळून बघायचं.

रापण लागलेली असेल तर दोरांच्या आसपास फिरकू नका. ती त्यांची रोजी आहे आणि पुळण आधी त्यांची आहे. नोव्हेंबर ते मार्च या काळात मोरजी-मांद्र्याला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कुंपण घातलेल्या घरट्यांपासून लांबून जा आणि अंधारात पुळणीवर टॉर्च मारत फिरू नका.

पाण्यात गेल्यावर लक्षात ठेवायच्या गोष्टी मोजक्याच. बोर्ड कधीही स्वतःच्या आणि लाटेच्या मध्ये धरायचा नाही, तो दातांवर येतो. कडेला धरून त्याचं नाक लाटेकडे ठेवायचं. पडायचं तर पसरट, पाठीवर किंवा कुशीवर. उथळ पाण्यात डोक्यावर सूर मारलात तर ओली वाळू फरशीइतकीच कठीण असते. पडल्यावर वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती. दुसरं कोणी आधीच लाटेवर असेल तर ती लाट त्याची. आणि दम लागायच्या आधी बाहेर या. ठरवलेल्या वेळेला, एखादी चांगली लाट येताना दिसत असली तरी.

बाहेर आलात की आधी तो फोन करा. मग पाणी प्या, कानातलं पाणी डोकं तिरकं करून काढा, बोर्ड आणि लीश गोड्या पाण्याने धुऊन सावलीत ठेवा. मी एक वही ठेवते. त्यात तिथी, भरतीची वेळ, वारा कुठून होता, किती सेकंदांची लाट होती आणि उंचवटा कोणत्या खुणेसमोर होता, एवढं लिहिते. हात ओले असतानाच लिहिते, कारण दुपारच्या जेवणानंतर नेमकं आठवत नाही.