नागपूरच्या महाल भागातल्या गच्चीवर मुत्या: डफ कसा शेकायचा

माझी भाची दोन वर्षं सेशेल्सला, हिंदी महासागरातल्या त्या बेटांच्या देशात, हॉटेलात कामाला होती. आली ती हट्ट घेऊनच. "मामा, ऑक्टोबरात तिकडं फेस्टिवल क्रेओल असते. आपल्या गच्चीवर मुत्या करू नं." मी खडी गंमतमध्ये, म्हणजे आपल्या विदर्भातल्या लोकनाट्यात, डफ वाजवणारा माणूस, मुत्या म्हणजे काय ते मला काय ठाऊक! आता तिसरं वर्ष आहे. कोणाला करायचं असेल त्याच्यासाठी हे लिहितो.

फेस्टिवल क्रेओल म्हणजे तिथल्या क्रेओल भाषेचा न् संस्कृतीचा उत्सव. तो सेशेल्समध्ये 1985 पासून ऑक्टोबरच्या अखेरीस होतो. 28 ऑक्टोबर हा जागतिक क्रेओल दिवस, आम्ही तोच धरतो. मुत्या हा गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी दिवसभराच्या कष्टानंतर रात्री शेकोटीभोवती जपलेला नाच. 2021 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आला.

सगळं अवलंबून आहे ते ढोलावर. त्यांचा ढोल मोठा, चपटा, शेळीच्या कातड्याचा, आणि वाजवण्याआधी आगीवर शेकतात. हे ऐकलं तेव्हा मी हसलो, कारण आपणही तेच करतो. म्हणून मोठ्यात मोठा डफ घ्या, कातड्याचा. प्लास्टिकचा पडदा असलेला चालत नाही, तो शेकला तर वितळेल. डफडंही नको. ते काड्यांनी वाजतं, मुत्या हातानं.

ऑक्टोबरच्या शेवटी नागपूरला संध्याकाळी दव पडायला लागतं, कातडं सैल होतं आणि डफ 'भद्द' बोलतो. जुन्या लोखंडी घमेल्यात पऱ्हाट्या किंवा तुराट्या (कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वाळल्या काड्या) पेटवा. ज्वाळा बसू द्या, निखारा झाला की डफ वीतभर, जमलं तर दोन वीत वर धरा, कातडं खाली. एका जागी धरू नका, चक्कीसारखा फिरवत राहा. कड आधी तापते, मध्य मागून. दर मिनिटाला बोटानं टिचकी मारा. आवाज खणखणीत झाला की लगेच बाजूला. पहिल्या वर्षी मी घाई केली, पेटत्या ज्वाळेवर धरला आणि बापाच्या वेळचं कातडं मधोमध फाटलं. त्याचं दुःख अजून आहे. रात्रभरात तीन-चारदा शेकावं लागतं, तेव्हा घमेल्याशेजारी एक पोट्टा बसवा, बादलीभर पाणीही ठेवा.

सोबत एक त्रिकोण लागतो, लोखंडी सळी वाकवून लोहाराकडून करून घ्या. बाकी वाद्यांची गर्दी नको. ढोलकीवाला मित्र आला तर त्याला जेवायला बसवा, ढोलकी खाली ठेवायला सांगा!

ठेका संथ ठेवा. आपला हात लावणीकडे धावतो, तो आवरा. एक गडी गाण्यात विषय टाकतो, बायका उंच आवाजात उत्तर देतात. आमच्या शेजारच्या काकूंनी पहिल्याच वर्षी भाजीच्या भावावर असं उत्तर दिलं की सगळे नाचायचं विसरले. नाचताना पाय जमिनीला घासत चालवायचे, कंबर हलकीच डुलवायची, गडी-बाई समोरासमोर जवळ येतात पण एकमेकांना शिवत नाहीत. उड्या मारणारे पोट्टे जरा बाजूला करावे लागतात.

खायला लाडोब करा, हा तिकडचा गोड पदार्थ. चार घट्ट पिकलेली केळी लांब कापा, त्यावर एका नारळाचं दूध, तीन-चार चमचे साखर, चिमूट मीठ, किसलेलं जायफळ आणि व्हॅनिला. मंद आचेवर केळं मऊ होईपर्यंत ठेवा, ढवळून चोथा करू नका. रताळ्याचंही होतं, मला तेच जास्त आवडतं. मासे खाणाऱ्यांसाठी नारळाच्या दुधातला रस्सा. कच्च्या पपईच्या किसाचं तोंडीलावणं मात्र हवंच. त्याला ते लोक 'सातिनी' म्हणतात, आणि ती आपलीच चटणी.

पाहुण्यांना क्रेओल भाषेतले दोन शब्द शिकवा: "बोंझूर" म्हणजे नमस्कार, "मेर्सी" म्हणजे आभार. 'की मान्येर?' म्हणजे कसं काय. आमच्याकडे शेजारचे काका अजून उत्तर देतात, "बरं हाय बाप्पा."

दहाला डफ थांबवा, नियमही आहे आणि खालच्या मजल्यावर म्हातारी झोपते. निखाऱ्यावर पाणी टाका. डफ मात्र लगेच कपाटात घालू नका. कातडं गार होऊ द्या, मग सुती कापडात गुंडाळून खुंटीला टांगा.