भाजी तोडून किती दिवस झाले, हे कसं ओळखावं

पालेभाजीची जुडी हातात आली की पानांकडे नंतर बघा. आधी जुडी उलटी करून देठांचे काप तपासा. काप ओलसर, फिकट हिरवा असेल तर तोडणी ताजी. कडा तपकिरी आणि मधला भाग आत ओढलेला असेल तर बरेच तास, बहुधा दिवस उलटलेत. टवटवीतपणावर भरवसा नको, कारण पाणी शिंपडलं की मलूल पानंही ताठ होतात. देठ नव्याने छाटलेले असतील तर कापही फसवतो. अशा वेळी जुडीतली सगळ्यांत खालची, जुनी पानं शोधा. पिवळेपणा बहुतेक तिथूनच सुरू होतो आणि कितीही पाणी मारलं तरी तो जात नाही.

शेंग दोन्ही हातांच्या चिमटीत धरून वाकवा. ताजी कटकन तुटते, तुटल्या जागी ओल चमकते. पाणी उडून गेलेली शेंग नुसती वाकते. शेंगेतले दाणे बाहेरून टचटचीत उठून दिसत असतील, तर ती जून आहे. म्हणजे तोडायला उशीर झाला. जून आणि शिळी यांत गल्लत करू नका, जून शेंग आज सकाळी तोडलेलीही असू शकते.

गोड मक्याला मात्र वेळ अजिबात सोसत नाही. तोडल्यापासून त्यातल्या साखरेचा स्टार्च होऊ लागतो, उष्ण हवेत तर एका दिवसात गोडी बरीच उतरते. घरी आणल्यावर थंडीत ठेवा आणि त्याच दिवशी शिजवा.

टोमॅटोत फसगत जास्त. लांब पाठवायचा माल नुकता रंग धरत असताना तोडतात, पुढचा लालपणा वाटेत चढतो. त्यामुळे रंगावरून काही कळत नाही. वास घ्या, पण देठाकडून नको. तो दरवळ हिरव्या देठाचाच असतो, फळाचा नव्हे. देठाच्या उलट टोकाला हुंगा. पिकायचा राहिला असेल तर फ्रीजबाहेर ठेवा. साधारण 12 अंश सेल्सिअसखाली पिकणं अडतं आणि स्वादही धरत नाही.

गाजर पाल्यासकट मिळालं तर ताजेपणा पाल्यावरून लगेच कळतो. घरी येताच मात्र पाला कापा, नाहीतर तो गाजरातलं पाणी ओढून त्याला लिबलिबीत करतो.

बटाट्याला यातली एकही कसोटी लावू नका. नीट साठवलेला बटाटा महिनोन्महिने टिकतो. त्याचे कोंब आणि साल बघा. सालीवर हिरवी झाक म्हणजे उजेड लागलाय आणि सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलं असण्याची शक्यता आहे. बराच भाग हिरवा किंवा चव कडवट असेल तर सरळ टाकून द्या, ते शिजवून जात नाही.