घरभेटीचा ऑनलाइन फॉर्म म्हणजे आवतण नव्हे : या चुका टाळा

‘आमच्या माणसांनी घरी यावे असे वाटत असेल तर फॉर्म भरा.’ यहोवाचे साक्षीदार किंवा मॉर्मन यांसारखे दारोदार जाऊन प्रचार करणारे ख्रिस्ती पंथ अशी सोय आपल्या वेबसाइटवर बऱ्याच वर्षांपासून देतात. आता गावोगावची सत्संग मंडळे आणि भजनी मंडळेही गुगल फॉर्मवर तेच करतात. अडचण अशी की नाव, गाव, नंबर टाकला की फॉर्म जातो. भरणारा कोण, हे कुणी विचारत नाही. पानठेल्यावर बसलेल्या पोट्ट्यांना दुसऱ्याचे नाव टाकायला दोन मिनिटेही लागत नाहीत. रविवारी सकाळी दोन अनोळखी माणसे पुस्तके घेऊन दारात उभी राहतात, घरधनी म्हणतो मी बोलावलेच नाही, आणि दुपारपर्यंत गावभर होते की अमक्याने धर्म बदलला. मजाक करणारा नामानिराळा राहतो.

पण चुकीचा प्रत्येक फॉर्म खोडसाळच असतो असे नाही. ऑनलाइन सेंटरवर रांग असली की चालक ओटीपीच्या सवयीने सगळ्यांच्या फॉर्मात आपलाच मोबाइल नंबर टाकतो. मग मंडळाचा फोन जातो सेंटरवाल्याला आणि भेट जाते भलत्याच घरी. त्याच कॉम्प्युटरवर ब्राउझरचे ऑटोफिल चालू असेल, तर आधीच्या गिऱ्हाइकाचे नाव-पत्ता आपोआप चढतो आणि कुणी पाहतही नाही. पाठवण्याआधी प्रत्येक रकाना मोठ्याने वाचून घ्या. सेंटर तुमचे असेल तर ऑटोफिल बंदच ठेवा. जुना नंबर ही आणखी एक फट. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, म्हणून वर्षभरापूर्वीच्या यादीतला नंबर त्याच माणसाचा असेल हे धरून चालू नका.

पत्त्याचा गोंधळ विदर्भात तर पाचवीला पुजलेला. नुसते ‘चांदूर’ लिहिले तर चांदूर रेल्वे की चांदूर बाजार? दोन्ही अमरावती जिल्ह्यातच, दोन्ही तालुके. नांदगाव पेठ आणि नांदगाव खंडेश्वर यांच्यातही असाच घोळ होतो. पिनकोडवर विसंबू नका. एका पिनकोडात पाच-दहा गावे असू शकतात. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा हे चारही रकाने वेगळे ठेवा आणि पाचवा ‘खूण’ म्हणून द्या : हनुमान मंदिरामागे, बोरिंगजवळ, ग्रामपंचायतीसमोर. एकाच आडनावाची पंधरा घरे असलेल्या गावात वडिलांचे नावही लागते. ते नसेल तर भेट देणारा पहिल्या दारात विचारणार आणि न बोलावलेल्या घरात विषय उघडा पडणार.

आता फॉर्म चालवणाऱ्यांच्या चुका. नुकसान इथेच जास्त होते.

पहिली आणि सर्वांत महाग चूक म्हणजे फॉर्म आला की निघणे. फॉर्म हा निरोप असतो, आवतण नव्हे. आवतण तेव्हाच, जेव्हा तो माणूस स्वतःच्या तोंडाने ‘या’ म्हणतो. त्यासाठी फोन करायचा, पण कसा, हे महत्त्वाचे. ‘तुम्हीच फॉर्म भरला होता ना?’ असे विचारले तर समोरचा भिडेखातर ‘हो हो’ म्हणतो. त्याऐवजी ‘काकाजी, घरी भेट देण्याबद्दल आमच्याकडे एक निरोप आला आहे, तुम्ही कुणाला बोलावले होते का?’ असे विचारून थांबा. गाव आणि भेटीचे कारण त्याला सांगू द्या, आपण सुचवू नका. जुळले नाही तर माफी मागून नोंद काढून टाका.

फोन दुसऱ्याने उचलला तर पंथाचे नाव आणि भेटीचे कारण दोन्ही गिळून टाका. खेड्यात एकच फोन अख्खे घर वापरते. सुनेने मन मोकळे करायला फॉर्म भरलेला असतो आणि फोन सासऱ्याच्या हाती असतो. ‘नंतर करतो’ एवढेच बोला. खरी विनंती करणाऱ्याचेही नुकसान होऊ शकते, हे खोडसाळपणा शोधण्याच्या नादात विसरले जाते.

गुगल फॉर्ममध्ये ओटीपीची सोय नसते, त्यामुळे नंबर खरा आहे का, हे फॉर्म स्वतः तपासत नाही. निदान रिस्पॉन्स व्हॅलिडेशन, म्हणजे उत्तर कसे असावे याची अट, लावा : एकूण १० आकडे, पहिला ६ ते ९ मधला. मात्र ही अट इंग्रजी आकड्यांवर लावलेली असली तर देवनागरी आकडे अडतात आणि माणूस वैतागून फॉर्म सोडतो, म्हणून खाली ‘नंबर इंग्रजी आकड्यांत टाका’ असे लिहा. ‘एका व्यक्तीला एकच उत्तर’ हे सेटिंग लावले तर गुगल अकाउंटने लॉगिन करावे लागते; खोडसाळ पोरगा थोडा बिचकतो, पण ज्या म्हातारीकडे अकाउंटच नाही तीही अडते. त्यापेक्षा ‘मी स्वतःसाठी भरत आहे / दुसऱ्यासाठी भरत आहे’ हा एक प्रश्न बरा. दुसऱ्यासाठी भरणाऱ्याचा नंबर घ्या आणि आधी त्यालाच विचारा. निकालाचा सारांश सगळ्यांना दाखवण्याचे बटण मात्र बंदच हवे. ते चालू राहिले तर पुढच्या भरणाऱ्याला आधीच्यांची माहिती दिसू शकते. आधार क्रमांक, जात, फोटो मागूच नका. उत्तरांची शीट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे ही तर घरभेटीची यादी चावडीवर लावण्यासारखीच गोष्ट. वहीतल्या नोंदींनाही हेच लागू. युरोपीय न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये फिनलंडमधल्या यहोवाच्या साक्षीदारांच्या प्रकरणात सांगितले की दारोदार फिरताना केलेली टिपणेही डेटा संरक्षणाच्या नियमांत येतात. आपल्याकडेही डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे.

भेटीची वेळ फोनवर ठरवा. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी नऊनंतर घरी कुणी सापडत नाही, मे महिन्यात दुपारी दार वाजवणे म्हणजे दोघांनाही शिक्षा. दोघांनी मिळून, उजेडात जा. पत्ता वस्तीबाहेरचा, शेतातला असेल तर पहिली भेट मंदिराच्या सभामंडपात किंवा ग्रामपंचायतीजवळ ठेवा. माणसाला एकटे गाठण्यासाठीही असे फॉर्म भरले जाऊ शकतात.

आणि तुमच्याच नावाने कुणी फॉर्म भरला असेल तर? दारात आलेल्यांवर ओरडू नका, तेही फसलेले असतात. फॉर्म कोणत्या तारखेला, किती वाजता आला आणि त्यात काय लिहिले होते, हे विचारून त्याचा फोटो काढा. ‘माझी नोंद काढा, पुन्हा संपर्क नको’ असा मेसेज लेखी पाठवा. पुन्हा पुन्हा होत असेल तर पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा, तीही लवकर. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २०२२ च्या आदेशात संगणकीय नोंदी १८० दिवस जपायला सांगितले आहे. त्यानंतर त्या सापडतीलच असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. प्रत्येक मजाक त्यात बसणार नाही, पण पोलिसांना तपासाला धागा मिळतो. १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. तो तेव्हा फिरवा, जेव्हा ‘भेट पक्की करायला ५०१ रुपये पाठवा’ म्हणणाऱ्या नकली फॉर्मवर पैसे गेले असतील.