ओव्हनमधलं ऑम्लेट: भांडं आत सरकवायच्या आधीची तयारी

चार-पाच जणांना एकदम खायला द्यायचं असेल ना, तर तव्यावर एकेक ऑम्लेट काढत उभं राहण्यापेक्षा ओव्हनमध्ये एकच मोठं लावलेलं कधीही बरं, सगळ्यांना गरम मिळतं आणि करणाऱ्यालाही त्यांच्याबरोबर बसून खाता येतं. फक्त तव्यावर कसं, मधेच गॅस बारीक करता येतो, कड उचलून बघता येते, इथे एकदा दार लावलं की आपल्या हातात फारसं काही राहत नाही, म्हणून जे करायचं ते सगळं आधीच करून ठेवायचं.

आधी भांडं ठरवा. 8 अंडी, थोडं दूध आणि वाटीभर भाज्या यासाठी साधारण 20 सेंटीमीटरचं चौकोनी भांडं बरोबर बसतं, मिश्रण पावणेदोन सेंटीमीटर उंच राहतं आणि ऑम्लेट मऊ होतं. तेवढंच मिश्रण मोठ्या ट्रेमध्ये ओतलं तर पातळ पापुद्रा होतो आणि तो कडेने वाळतो. वर दोन बोटं जागा मोकळी ठेवा कारण अंडं आत चांगलं फुगतं. लोखंडी पॅन वापरणार असाल तर दांडा बघून घ्या, लाकडी किंवा प्लॅस्टिकचा असेल तर ते पॅन ओव्हनचं नाहीच. आणि काचेचं भांडं फ्रीजमधून काढून थेट गरम ओव्हनमध्ये ठेवू नका, तडकतं. तूप, तेल, बटर काहीही चालेल पण कोपऱ्यात आणि कडांना वरपर्यंत बोटाने चोळून लावा, अंडं चिकटतं ते तिथेच. बटर पेपर घातलात तर अख्खं ऑम्लेट उचलून बाहेर काढता येतं, मी घालतेच.

ओव्हन 180 डिग्रीला लावा, पंखा चालू असेल तर 160, जाळी मधल्या खाचेत. भाज्या चिरायला घेतल्या की लगेच चालू करून टाका म्हणजे 10-15 मिनिटांत तो नीट तापतो.

आता भाज्या, आणि इथे मात्र घाई करू नका प्लीज, कारण ओव्हनच्या ऑम्लेटचं बरंवाईट इथेच ठरतं. मश्रूम, पालक, टोमॅटो, सगळ्यात भरपूर पाणी असतं, तव्यावर ते वाफ होऊन उडून जातं पण खोल भांड्यात वर अंड्याचा थर असला की जायला जागाच नसते, खाली साचून बसतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मश्रूम कच्चेच चिरून टाकले होते, वरून काय सुंदर सोनेरी दिसत होतं, सुरी लावली तर खाली राखाडी पाणी आणि तळ अगदी लगदा, ताटात घेतलं तर पाणी पसरत चाललेलं. तेव्हापासून मश्रूम आधी कोरड्या पॅनमध्ये परतते, सुरुवातीला ते पाणी सोडतात तेव्हा पॅनमध्ये सळसळ आवाज येतो, मग पाणी आटलं की तो आवाज बदलून तडतड व्हायला लागते, तेव्हाच तेल घालायचं आणि दोन मिनिटं अजून. पालक गरम पॅनमध्ये मिनिटभर, मग मुठीत घेऊन पिळायचा, खरंच जोर लावून. टोमॅटोच्या बिया आणि गर काढून टाका. कांदा, सिमला मिरची नुसती मऊ होईपर्यंत परतली की झालं. आणि हे सगळं कोमट होऊ द्या, गरमागरम भाजी फेटलेल्या अंड्यात टाकली की तिथेच गुठळ्या धरतात.

अंडी 20 मिनिटं आधी फ्रीजबाहेर काढा, थंडगार मिश्रणाला शिजायला वेळ जास्त लागतो. जुनी वाटत असतील तर पाण्यात टाकून बघा, तरंगतं ते अंडं जुनं, कवचातून आतला ओलावा हळूहळू निघून जातो आणि हवेची पोकळी वाढते म्हणून. प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडा, एक खराब निघालं तर बाकीची सात वाया जायला नकोत. 8 अंड्यांना अर्धा कप दूध पुरे, त्याहून जास्त घातलं तर ऑम्लेट धड धरत नाही. पांढऱ्याच्या तारा दिसेनाशा होईपर्यंत फेटायचं आणि थांबायचं, फेस फार काढला तर आत खूप फुगून बाहेर आल्यावर जास्तच बसतं. मीठ फेटतानाच, पण चीज घालणार असाल तर हात आखडता, चीज खारट असतंच. चीजही अर्धं मिश्रणात, अर्धं वरून, सगळं वर टाकलं तर ते लवकर करपतं आणि आतलं झालंय की नाही तेच कळत नाही.

आत ठेवायच्या आधी ग्लव्ह्ज आणि भांडं टेकवायला जागा तयार ठेवा, मग शोधाशोध होते. 20 मिनिटांनी पहिल्यांदा बघा, साधारण 25 पर्यंत होतं, पण प्रत्येक ओव्हन वेगळा. भांडं किंचित हलवा, कडा घट्ट आणि मधला भाग जेलीसारखा थरथरला पाहिजे, पाण्यासारखा डुचमळला तर अजून 3 मिनिटं. थर्मामीटर असेल तर मध्यभागी 71 डिग्री दिसू दे. पूर्ण घट्ट होईपर्यंत आत ठेवू नका, अंडं जास्त शिजलं की आवळतं आणि स्वतःचंच पाणी बाहेर टाकतं, म्हणजे भाज्या एवढ्या परतून केलेली मेहनत वाया.

बाहेर काढल्यावर फुगा खाली बसेल, घाबरू नका, आतली वाफ निवली की तसं होतंच. 5 मिनिटं तसंच राहू द्या, आतल्या उष्णतेने मधला भागही धरतो, मग कापा. लोखंडी पॅन असेल तर काढल्या काढल्या दांड्यावर जाड कापड टाकून ठेवा, तो बराच वेळ तापलेला असतो आणि बोलता बोलता कुणीतरी सवयीने धरतंच.