अ‍ॅम्बॅसेडरखाली शिरण्याआधी

१४८९ सीसीच्या जुन्या पेट्रोल अ‍ॅम्बॅसेडरचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या अ‍ॅक्सलकडे नेणारा दांडा) उतरवायचा आणि गळतीही काढायची, तर तयारी आदल्या दिवशीच सुरू करावी. आधी इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल (मागच्या अ‍ॅक्सलमधला गिअरांचा गोळा) रॉकेल-ब्रशने धुऊन घ्या, एक चक्कर मारून आणा आणि खाली पुठ्ठा सरकवा. चालत्या गाडीत तेल मागे पसरतं, म्हणून उगम नेहमी वर आणि पुढे शोधायचा. इंजिनाच्या बाजूची टॅपेट कव्हरं (पत्र्याची झाकणं) झिरपली की ओघळ थेट बेलहाऊसिंगपर्यंत, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्समधल्या घंटेसारख्या आवरणापर्यंत, जातो आणि मेकॅनिक ‘मागचं सील गेलं’ म्हणत गिअरबॉक्स उतरवायला निघतो. मुळात क्रँकच्या मागच्या टोकाशी रबरी सील नाहीच, क्रँकवर कोरलेले आटे तेल परत आत ढकलतात. तिथून चार थेंब पडत असतील तर खुशाल पडू द्या. कव्हरांना मात्र नवी कॉर्क गॅस्केटं आणा. बोल्ट बेताने आवळा, पत्रा वाकला की गळती पक्की.

सीलवर पैसे घालण्याआधी इंजिनाचा आणि मागच्या अ‍ॅक्सलचा ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारी वाट) साफ करा. तो तुंबला असेल तर आतल्या दाबाने नवं सीलही गळतं.

खरेदीत सर्क्लिपांसकट (खाचेत बसणाऱ्या अडकवणीच्या रिंगा) शाफ्टच्या सांध्यांचे दोन क्रॉस, पिनियन सील (शाफ्ट डिफरन्शिअलला जुळतो तिथलं), फ्लँजचे (शाफ्ट जोडायच्या चकत्यांचे) नटबोल्ट, डिफरन्शिअलसाठी हायपॉइड ९० तेल. मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्रीचं वर्कशॉप मॅन्युअल मिळालं तर उत्तम, गाडी त्याच घराण्यातली.

पुढच्या चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून ठोकळे) लावा, मागचा भाग भक्कम घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर मुळीच नाही. शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर पंचाने खूण करा, नाहीतर जुळणी बदलून थरथर सुरू होऊ शकते. पिनियनच्या फ्लँजवर सीलचा ओठ जिथे घासतो तिथे नख फिरवा. चर लागला तर नुसतं सील बदलून भागणार नाही. क्रॉस बसवताना कॅपमधल्या सुया ग्रीसने चिकटवून ठेवा. एखादी आडवी पडली तर कॅप पूर्ण आत जात नाही, सर्क्लिप खाचेत बसत नाही. तिथे हातोडी चालवू नका, कॅप परत काढा.

शाफ्टचा पुढचा योक (टोकाचा दुबेळका भाग) गिअरबॉक्सच्या शेपटात सरकणारा असेल तर तो ओढताच तेल बाहेर येईल. ट्रे आधीच खाली ठेवा आणि पडलेलं तेल मोजा, तेवढंच परत भरायचंय.